मर्तिकवाल्याचा टेलिफोन

लग्नाचं आमंत्रण एखाद्या घरी द्यायचं राहून गेलं तर रुसवेफुगवे होतात आणि कालांतराने मिटतातही. पण मयताची खबर राहून गेली, तर ती सल पिढ्यान् पिढ्या जात नाही. आमच्या पोलादपूर तालुक्यात तर हे फार कसोशीने पाळलं जाई. तालुका सगळा डोंगराचा. एका अंगाला महाबळेश्वरकडे चढत जाणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या अंगाला खेडकडे उतरणारा कशेडी, आणि मधे सावित्रीच्या खोऱ्यात विखुरलेल्या वाड्या. कुणी गेलं की गावातला एखादा धडधाकट माणूस रात्री-अपरात्री निघे आणि वाडीवाडीत जाऊन, उंबऱ्याबाहेर उभा राहून, खबर सांगे. मुलगा मुंबईला गिरणीत असला म्हणजे पंचाईत आणखी वाढे. मग कुणीतरी पोलादपूर किंवा महाड गाठून तार करायची, नाहीतर ट्रंक कॉल लावायचा. ट्रंक कॉलचे प्रकार तीन: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. पैसे ऐपतीप्रमाणे मोजायचे. बाकी सगळं मधे बसलेल्या ऑपरेटरच्या हाती.

मधे बसलेला तो माणूस भला असेल तर अर्ध्या रात्रीतून मुंबईची लाइन मिळवून देई. भला नसेल, दमलेला असेल किंवा दुसऱ्या कुणाच्या कॉलच्या गडबडीत असेल, तर आपण बाकड्यावर बसून राहायचं. त्याच्याविरुद्ध तक्रार करावी तर तीही त्याच्याच मार्फत!

टेलिफोनच्या इतिहासात एक माणूस या मधल्या माणसापायीच अजरामर झाला. तो शास्त्रज्ञ नव्हता, इंजिनिअर नव्हता. मयतांची व्यवस्था करणं, म्हणजे आपल्या भाषेत मर्तिकाचं सामान पुरवणं, हा त्याचा धंदा. त्याचं नाव आल्मन ब्राउन स्ट्रोजर. टेलिफोन खात्यात उमेदवारी केलेल्या कुणाही जुन्या माणसाला हे नाव विचारा, तो चटकन ओळखेल. कारण आपल्याकडची कितीतरी एक्स्चेंज याच माणसाच्या नावाने ओळखली जात. पण तो कोण, कुठला आणि मर्तिकवाल्याला टेलिफोनशी काय देणंघेणं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मी स्वतः तंत्रज्ञ नव्हे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत माझी बरीच वर्षं गेली. तिथे ईपीएबीएक्स बसवला गेला तेव्हा बसवणाऱ्या तंत्रज्ञाने आमच्यापुढे शब्दांची एक भलीमोठी यादी टाकली. एक्स्टेन्शन, ट्रंक, हंटिंग, बारिंग, ट्रान्सफर, नाईट सर्व्हिस... यातलं प्रत्येकाचं काय ठेवायचं ते ठरवून द्या, असं सांगून तो जेवायला गेला. ही यादी समजून घेता घेता मी स्ट्रोजरपर्यंत जाऊन पोचलो. आणि पोचल्यावर ध्यानात आलं की, या माणसाची गोष्ट कळली की यादीतले निम्मे शब्द आपोआप कळतात.

स्ट्रोजरचा जन्म १८३९ सालचा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफील्ड या गावचा. हे गाव वसलं तेव्हा तिथे आलेल्या पहिल्यावहिल्या कुटुंबांत स्ट्रोजरांचं एक. आजोबांची पिठाची गिरणी होती. चाकं, दाते, पट्टे यांच्या खडखडाटाशी घराण्याची ओळख जुनी. हातानं करायचं एखादं काम सांगितलं की या घरातली भावंडं ते करण्याऐवजी ते काम करील असं यंत्र कसं बनवता येईल यावर वाद घालत बसत, अशी एक आठवण सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, पुढच्या गोष्टीला शोभते खरी.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तरुण स्ट्रोजर न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळात भरती झाला आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. युद्ध संपल्यावर त्याने काही काळ शाळामास्तरकी केली. मग पश्चिमेकडे सरकत तो कॅन्सस राज्यात आला आणि तिथे मर्तिकाच्या धंद्यात शिरला. आधी टोपेका आणि मग १८८०च्या दशकातच मिसुरी राज्यातलं कॅन्सस सिटी, असा त्याचा मुक्काम हलला.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं ते १८७६ साली. त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेत एक्स्चेंज सुरू झाली. प्रत्येक घरातून निघालेली तार एका खोलीत येई. तिथे फळीसमोर ऑपरेटर बसे. आपण टेलिफोन उचलायचा, कुणाशी बोलायचंय ते सांगायचं, आणि तिने दोरीचं टोक योग्य त्या भोकात खुपसून दोन तारा जोडायच्या. सुरुवातीला या कामावर पोरगेली मुलं असत, पण ती उद्धट बोलत, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत. म्हणून १८७८ साली बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर नेमली गेली आणि पुढे हे काम बायकांचंच झालं. त्या काळी नंबर हा प्रकारही नव्हता. माणसाचं नाव सांगायचं. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावात गोवराची साथ आली तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांच्या मनात आलं की, चारही ऑपरेटर आजारी पडल्या तर नव्या माणसांना गावातली नावं कशी पाठ असणार? त्यांनी सुचवलं की प्रत्येकाला आकडा द्यावा. आज आपण ज्याला नंबर म्हणतो तो असा, आजाराच्या भीतीतून जन्माला आला.

आपल्याकडेही टेलिफोन यायला फार वेळ लागला नाही. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत एक्स्चेंज उघडली. म्हणजे कॅन्सस सिटीत स्ट्रोजर आपलं दुकान थाटत होता, तेव्हा मुंबईतल्या पेढ्यांतही टेलिफोन खणखणू लागले होते.

आता मुख्य गोष्ट. दंतकथा अशी की, स्ट्रोजरचा धंदा एकाएकी बसू लागला. गावात माणसं मरत होती, पण त्याच्याकडे कुणी येत नव्हतं. गावात दुसरा एक मर्तिकवाला होता आणि त्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कुणी शोकाकुल माणसाने स्ट्रोजरला टेलिफोन मागितला की ती बाई तो आपल्या नवऱ्याच्या दुकानाला जोडी! काही जण सांगतात की, स्ट्रोजरचा एक जवळचा स्नेही वारला आणि त्याचंही काम दुसऱ्याच दुकानात गेल्याचं त्याने वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

याच गोष्टीचं दुसरं एक रूप आहे, आणि मला ते अधिक भावतं. टेलिफोन कंपनीच्या माणसाने तक्रारीची चौकशी केली तेव्हा दिसलं की, स्ट्रोजरच्या दुकानाबाहेर टांगलेली पत्र्याची पाटी वाऱ्याने हलली की तारेला टेकत असे आणि लाइन बंद पडत असे. म्हणजे दोष बाईचा नव्हताच, स्वतःच्याच पाटीचा होता! खरं काय ते त्या काळासोबत गेलं. पण दोन्ही गोष्टींचं तात्पर्य मात्र एकच. बाई लबाड होती की प्रामाणिक, हे पडताळून पाहायची सोयच गिऱ्हाइकापाशी नव्हती. ज्याला पडताळता येत नाही त्याच्यावर संशय घेणं फार सोपं. आणि संशय घेतलेल्या निरपराध माणसालाही आपलं निरपराधित्व सिद्ध करता येत नाही.

स्ट्रोजरने भांडण केलं नाही. त्याने मधला माणूसच काढून टाकायचं ठरवलं. कॉलर ठेवायचा गोल पुठ्ठ्याचा डबा घेऊन त्याने त्याला आतून ओळीओळीने टाचण्या टोचल्या, असं सांगतात. प्रत्येक टाचणी म्हणजे एक गिऱ्हाईक. मधोमध एक दांडी. ती दांडी वर सरकेल आणि मग गोल फिरेल, अशी कल्पना. १२ मार्च १८८९ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी त्याला ४,४७,९१८ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

ही युक्ती घरच्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, दहा मजल्यांची एक चाळ आहे आणि प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या. तुम्हाला सहाव्या मजल्यावरच्या आठव्या खोलीत जायचंय. आधी सहा मजले चढायचे, मग त्या मजल्यावर आठ दारं ओलांडायची. नंबर अडुसष्ट! विजेचा एकेक झटका म्हणजे एकेक पायरी. पहिल्या आकड्याने दांडी वर चढे, दुसऱ्याने गोल फिरे. कुणाची वाट अडवायची, कुणाला आधी सोडायचं, हे त्या दांडीला ठाऊक नसे. टेलिफोन खात्यात लेव्हल हा शब्द वापरतात तो या मजल्यांवरूनच आला. शून्याची लेव्हल, नऊची लेव्हल असं तंत्रज्ञ बोलतो, तेव्हा तो नकळत स्ट्रोजरच्या चाळीचे मजले मोजत असतो.

कल्पना कागदावर ठीक होती, पण ती चालवून दाखवायला पैसा आणि जाणकार माणसं हवी होती. पुतण्या वॉल्टर, जोसेफ हॅरिस आणि मोझेस मेयर यांच्या साथीने १८९१ साली शिकागोत कंपनी निघाली. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या लहानशा गावात जगातलं पहिलं स्वयंचलित सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झालं. गिऱ्हाइकं सुमारे ७५. शिकागोहून खास आगगाडीने पाहुणे आणले होते. जाहिरातीत मोठा डौल मिरवला होता की, इथे बाई नाही, वाट पाहणं नाही आणि शिव्याशापही नाहीत.

डौल मिरवण्यासारखं सगळंच नव्हतं. टेलिफोनला तबकडी नव्हती, बटणं होती. अडुसष्ट नंबर हवा तर एक बटण सहा वेळा आणि दुसरं आठ वेळा मोजून दाबायचं. मोजण्यात चूक झाली की भलत्याच घरी घंटा. शिवाय प्रत्येक घरापर्यंत एकाऐवजी अनेक तारा ओढाव्या लागत. हे सगळं सुधारलं ते कंपनीत आलेल्या अलेक्झांडर कीथ आणि एरिक्सन बंधूंनी. बोटाने फिरवायची तबकडी त्यांनी १८९६च्या सुमारास आणली. आपण आजही नंबर फिरवतो असं म्हणतो ना, तो शब्द त्यांचा. हाताशी तबकडीचा टेलिफोन कधी न पाहिलेली आमची नातवंडंसुद्धा नंबर फिरव म्हणतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

आणि मूळ कल्पनेचा धनी? त्याने १८९६ साली आपले पेटंटचे हक्क सहकाऱ्यांना १,८०० डॉलरला विकले आणि दोन वर्षांनी कंपनीतला आपला हिस्सा १०,००० डॉलरला. मग तो फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला राहायला गेला. पुढे १९१६ साली बेल कंपनीने, म्हणजे ज्या कंपनीच्या ऑपरेटरवर त्याचा राग होता तिनेच, या पेटंटांचे हक्क २५ लाख डॉलर मोजून घेतले. ते पाहायला स्ट्रोजर हयात नव्हता.

त्याचं यंत्र मात्र जगभर फिरलं. १९१२ साली इंग्लंडमध्ये एप्सम इथे, १९१३-१४च्या सुमारास आपल्याकडे सिमल्याला पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज आलं. १९४८ साली बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंज आपल्या देशात बनू लागली. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, म्हणजे परगावचा नंबरही ऑपरेटरविना फिरवता येऊ लागला. मुंबईच्या एखाद्या जुन्या एक्स्चेंजमध्ये गेलात तर हजारो दांड्यांचा एकच खडखडाट कानी पडे. पत्र्यावर पाऊस पडावा तसा. ब्रिटनमधलं शेवटचं स्ट्रोजर एक्स्चेंज बंद झालं ते १९९५ साली. एका मर्तिकवाल्याच्या डब्यातून निघालेली कल्पना शंभर वर्षं चालली.

आता आमच्या कचेरीतल्या यादीकडे येऊ. ईपीएबीएक्स म्हणजे सरकारी एक्स्चेंजची आपल्या दारात लावलेली खासगी फांदी. नावातला ब्रँच तो हाच. बाहेरून आलेल्या लाइनी त्या ट्रंक. शब्दाचा मूळ अर्थ झाडाचं खोड. आत टेबलाटेबलावर गेलेल्या जोडण्या त्या एक्स्टेन्शन. वीस टेबलं आणि चार ट्रंक असं प्रमाण चालतं, कारण वीसही जण एकाच क्षणी बाहेर बोलत नाहीत. किती माणसांना किती लाइनी पुरतात याचं गणित डेन्मार्कच्या ए. के. एरलांग या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं आणि आजही टेलिफोनची वर्दळ त्याच्या नावाच्या एककातच मोजतात.

हंटिंग म्हणजे शोध. कारखान्याचा एकच नंबर सगळ्यांना ठाऊक असतो. ती लाइन गुंतलेली असेल तर यंत्र आपण होऊन दुसरी, तिसरी, चौथी धुंडाळतं. स्ट्रोजरच्या काळी दांडी खरोखरच एका मजल्यावरची दारं ठोठावत रिकामं दार शोधी. आज दांडी गेली, शब्द राहिला. पिक-अप ग्रुप म्हणजे शेजारच्या टेबलावरची घंटा आपल्या जागेवरून उचलायची सोय. ट्रान्सफर म्हणजे आलेला कॉल दुसऱ्याकडे सोपवणं. ऑटो अटेंडंट म्हणजे नोंदवलेल्या आवाजात स्वागत करून, कुणाला कोणता आकडा दाबायचा ते सांगणारी बिनपगारी बाई!

गंमत अशी की, १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या आपल्या सरकारी संस्थेने आधी १२८ जोडण्यांचं कचेरीसाठीचं यंत्र बनवलं आणि त्याच घडणीतून खेड्यांसाठीचं छोटं एक्स्चेंज उभं केलं. ते १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. उन्हाळ्यात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारं. म्हणजे साहेबाच्या कचेरीतला ईपीएबीएक्स आणि डोंगरातल्या खेड्याचं एक्स्चेंज ही एकाच आईची लेकरं.

यादीतला एक शब्द मात्र मला खटकला. क्लास ऑफ सर्व्हिस. म्हणजे कोणत्या टेबलावरून कुठवर बोलता यावं याचा दर्जा. साहेबांना परदेश, खातेप्रमुखांना एसटीडी, कारकुनाला फक्त गाव आणि कामगारांच्या कँटीनमधल्या टेलिफोनला नुसतं आतल्या आत. बिलाच्या दृष्टीने हे बरोबरही असेल. पण स्ट्रोजरची दांडी कुणाचा दर्जा पाहत नव्हती. दर्जा आम्ही टेबलाशी बसून लिहिला. यंत्र निःपक्षपाती असतं, हे अर्धसत्य आहे. त्याला सांगणारा माणूस जितका निःपक्षपाती, तितकंच ते.

महाडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चवदार तळं नगरपालिकेने १९२४ साली सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर ते खुलंच होतं. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन ते पाणी प्यावं लागलं, आणि कोर्टकचेऱ्या होऊन मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. टेलिफोनची आणि त्या लढ्याची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढंच म्हणेन की, सार्वजनिक सोय आणि माणूस यांच्यामधे कोण उभं आहे, हा प्रश्न आमच्या गावाने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे.

आमच्या कारखान्यात या प्रश्नाचं उत्तर एका रात्रीने दिलं. तिसऱ्या पाळीवर पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला कामगार होता. रात्री त्याचे वडील गेले. त्याचा मेहुणा अंधारात डोंगर उतरून पोलादपूरला आला. एसटीडीवाल्याला उठवून त्याने कारखान्याचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. यंत्र अगदी नेमून दिल्याप्रमाणे काम करत होतं. यंत्र बसवणाऱ्याने नाईट सर्व्हिसचा रकाना मोकळा सोडला होता, त्यामुळे प्रत्येक कॉल दिवसासारखा स्वागतकक्षातच जात होता. तिथे कुलूप होतं, दिवे बंद होते. पन्नास पावलांवर गेटवर दोन पहारेकरी जागे होते आणि शेडमध्ये मुलगा काम करत होता. सकाळी आठला टेलिफोनवरच्या बाई आल्या, तेव्हा खबर पोचली. वाडीत लोक थांबले होते. अग्नी द्यायला मुलगा पोचला खरा, पण दुपार उलटून गेली होती.

त्याने कुणाला दोष दिला नाही. चौथ्या दिवशी कामावर आला आणि फक्त इतकंच विचारलं की, गेटवर टेलिफोन असून तो वाजला का नाही. या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात रकाना भरला गेला. संध्याकाळी सहानंतर कॉल गेटवर, तिथे कुणी उचलला नाही तर शेडमधल्या सुपरवायझरकडे. दोन ओळींचं काम. पाच मिनिटंही लागली नाहीत.

तेव्हा मला स्ट्रोजरचा राग नेमका कळला. मयताची खबर भलतीकडे गेली, म्हणून त्याने माणूस काढला आणि यंत्र बसवलं. इथे यंत्रानेच खबर भलतीकडे नेली, आणि तिथे एखादी जागी ऑपरेटर असती तर तिने गेटवर निरोप धाडला असता. लबाड माणसापासून सुटका करणारं यंत्र भल्या माणसालाही घालवून बसतं. ज्या बायकांना त्या जाहिरातीने हिणवलं, त्यांतल्या कितीतरी जणींनी आगी लागल्यावर, पूर आल्यावर जागा न सोडता गाव जागं केलेलं आहे. तो हिशोब त्या पेटंटात नाही.

पुराचं नाव निघालं म्हणून आणखी एक शब्द सांगतो. जुन्या एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असत आणि टेलिफोनला लागणारी वीज तारेतूनच येई. घरातले दिवे गेले तरी टेलिफोन बोले. ईपीएबीएक्सला मात्र आपली वीज लागते. ती गेली की सगळी टेबलं मुकी. म्हणून बऱ्याच यंत्रांत पॉवर फेल ट्रान्सफर नावाची सोय असते: वीज गेली की बाहेरची एक लाइन आपोआप, यंत्राला वळसा घालून, एका साध्या टेलिफोनला जोडली जाते. तो टेलिफोन कुठे ठेवायचा, तेवढं आपण ठरवायचं. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, वीज गेली, मोबाईलही मुके झाले. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखरसुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी माणसं घेतली. त्या दिवशी इथल्या माणसांना सगळ्यात जास्त कशाची किंमत वाटली असेल तर एका चालू असलेल्या लाइनीची. यंत्राची मांडणी कितीही हुशारीने केलेली असो, ती उभी असते शेवटी एका तारेवर आणि एका बॅटरीवर.

आता तारही जात चालली. आवाज इंटरनेटवरून येतो, ईपीएबीएक्सची पेटी जाऊन तिचं काम दूर कुठल्या शहरातल्या संगणकावर चालतं. पण बसवणारा पोरगा आजही तीच यादी पुढे टाकतो: ट्रंक, एक्स्टेन्शन, हंट ग्रुप, ट्रान्सफर, नाईट मोड. तुमचं दुकान असेल, दवाखाना असेल, शाळा किंवा सोसायटीचं ऑफिस असेल, तर ही यादी तंत्रज्ञावर सोडू नका. त्याला यंत्र कळतं, तुमच्याकडे येणारी माणसं कळत नाहीत. निदान तीन गोष्टी स्वतः ठरवा. सगळे घरी गेल्यावर घंटा कुठे वाजेल? कुणीच उचललं नाही तर पुढे कुठे जाईल? आणि वीज गेली तर कोणता टेलिफोन जिवंत राहील? मग एकदा रात्री बाहेरून स्वतःच नंबर फिरवून पाहा.

आल्मन स्ट्रोजर २६ मे १९०२ रोजी सेंट पीटर्सबर्गला वारला. तिथल्या ग्रीनवुड दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंत्ययात्रेची व्यवस्था लावणाऱ्या या माणसाच्या थडग्यावर सैनिकांना मिळतो तसा साधा पांढरा दगड आहे. त्यावर लेफ्टनंट हा हुद्दा, त्याचं नाव आणि घोडदळाच्या तुकडीचा आकडा कोरलेला आहे. टेलिफोनचा त्यावर उल्लेख नाही.